कामाइशी : लाट येण्याआधीच निम्मं रिकामं झालेलं गाव

सेंदाईचा_वाटसरू (धागाकर्ता)

गेली सहा वर्षं नोकरीनिमित्त सेंदाईत आहे. घरून फोन आला की एक प्रश्न ठरलेला, "ते त्सुनामीवालं तिकडेच ना?" हो, तिकडेच. याच किनाऱ्यावर उत्तरेला इवाते प्रांतात कामाइशी नावाचं शहर आहे. तिथे तीनदा जाऊन आलो, आणि दर वेळी वाटलं की या गावाची गोष्ट लोक भलत्याच टोकापासून सांगायला घेतात. म्हणून हा धागा. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

शहर म्हणायचं ते महापालिका आहे म्हणून. २०२० च्या जनगणनेत वस्ती ३२ हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. जायचं तर शिनकानसेनने शिन-हानामाकी, आणि तिथून कामाइशी लाइनची छोटी डिझेल गाडी. हानामाकी ते कामाइशी अवघे ९० किलोमीटर, पण गाडीला मुळीच घाई नसते. तोनोची भातशेती मागे पडली की डोंगर अंगावर येतात आणि बोगदे सुरू होतात. मध्येच एका फटीतून खाली खोल दरीत रूळ आणि एक एवढंसं स्टेशन दिसतं. पहिल्यांदा मला वाटलं, ही दुसरीच कुठली तरी लाइन. ते आमचंच पुढचं स्टेशन होतं, रिकुचू-ओहाशी! गाडी डोंगराच्या पोटात जवळजवळ पूर्ण उलटी वळते आणि दहाएक मिनिटांनी त्याच स्टेशनात उतरते. हा तुकडा १९५० मध्ये जोडला गेला. त्याआधी रूळ सेन्निन खिंडीच्या पश्चिम पायथ्याशी संपायचे. माल रोपवेने पलीकडे जायचा आणि माणसं खिंड चढून.

हे ओहाशीच या गावाचं खरं जन्मस्थान. इथल्या डोंगरात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज. नांबू संस्थानातल्या ओशिमा ताकातो नावाच्या माणसाने नागासाकीत डच विद्या शिकली आणि तोफा ओतण्यावरच्या एका डच पुस्तकाच्या भाषांतराला हात लावला. मग मितो संस्थानासाठी तोफांची भट्टी बांधली. तिथे त्याच्या लक्षात आलं की नदीतल्या लोहवाळूपासून केलेलं लोखंड तोफांना चालत नाही, खडकातल्या खनिजाचं लागतं. ते खनिज त्याच्या स्वतःच्या मुलखात होतं. ओहाशीला त्याने पाश्चात्त्य पद्धतीची झोतभट्टी उभारली. कोळसा लाकडाचा, भात्याला पाणचक्की. १ डिसेंबर १८५७ ला लोखंड वाहिलं. जपानमध्ये १ डिसेंबर अजून 'लोखंडाचा दिवस' म्हणून पाळतात. त्याच्या पुढच्या वर्षी हाशिनोला सुरू झालेल्या भट्ट्यांचे दगडी चौथरे आजही डोंगरात उभे आहेत, आणि २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

ओहाशीपासून पुढे काश्शी नदीच्या अरुंद खोऱ्याने गाडी समुद्राकडे उतरते. डोंगर, नदी, रस्ता, रूळ, पुन्हा डोंगर. सपाट जमीन म्हणाल तर ओंजळभर, आणि तिच्यातलीही मोठी जागा पोलाद कारखान्याने घेतलेली. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोरच कारखाना. स्टेशनवर पाटी आहे, 'लोखंड, मासळी आणि रग्बीचं गाव'. तिन्ही गोष्टी खऱ्या, पण तिन्हींचा काळ वेगवेगळा.

आता मुद्द्याचं. १९६३ मध्ये कामाइशीची लोकसंख्या सुमारे ९२ हजार होती. २०११ च्या मार्चमध्ये लाट आली त्या वेळी ती ४० हजारांच्या आत होती. लाटेने हजाराहून जास्त माणसं नेली, त्याबद्दल खाली लिहीनच. पण मधली पन्नास हजार कुठे गेली? ती पोलादामागे गेली. नागोयाजवळच्या तोकाईला नवा कारखाना उभा राहिला तेव्हा, साठच्या दशकात, इथले शेकडो कामगार बायकामुलांसह तिकडे हलवले गेले. आज तोकाई आणि कामाइशी ही भगिनी-शहरं आहेत. खरं तर नात्यातलीच म्हणायची. मार्च १९८९ मध्ये इथली शेवटची झोतभट्टी विझली. खाणीतून लोहखनिज काढणं त्यानंतर चार वर्षांनी थांबलं. आता त्या खाणीतलं पाणी बाटलीत भरून 'सेन्निन हिसुई' नावाने विकतात. मी घेतलं, चांगलं गार आणि गोड आहे. ज्या डोंगरातून लोखंड काढून तोफा आणि रूळ केले त्याचं शेवटी बिसलेरी झालं, हे गमतीचं म्हणावं की काय, मला ठरवता आलेलं नाही.

---

चिवडाप्रेमी

पहिला! लेख झकास. पण तीनदा गेलास आणि खाण्याबद्दल एक ओळ नाही? निषेध.

---

सेंदाईचा_वाटसरू

@चिवडाप्रेमी, निषेध मान्य. कामाइशी रामेन. शेवया अगदी बारीक, शेवयाच्या खिरीतल्या असतात तशा, आणि रस्सा सोयाचा, पातळ, आरपार दिसणारा. कारण विचारलं तर सगळे एकच सांगतात. पाळी संपवून आलेले पोलाद कामगार तुटून पडायचे, त्यांना थांबायला वेळ नसे, म्हणून पटकन शिजणाऱ्या बारीक शेवया. मी घड्याळ लावून बसलो होतो. ऑर्डर दिल्यापासून चार मिनिटांत वाडगा समोर. भट्टी विझून पस्तीस वर्षं झाली, पण स्वयंपाकघर अजून भोंग्यावरच चालतंय.

आणि काश्शी गाकी! हे पर्सिमॉन झाडावरून तुरट काढतात आणि खास खोलीत धूर देऊन पिकवतात. टोमॅटोसारखं लालबुंद होतं, बिया नसतात. आपल्याकडे अढी घालतात त्याचाच भाऊ. समुद्रातलं म्हणाल तर वाकामे (खायचं समुद्री शेवाळ), शिंपले, अबालोनी, समुद्री अर्चिन. बाहेर थंड ओयाशिओ आणि उबदार कुरोशिओ हे दोन प्रवाह भेटतात, त्यामुळे सानरिकूची मासळी जगात नावाजलेली. साल्मन मासा मात्र अलीकडे फारच रोडावलाय. कोळी लोक त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

---

भिलाईकर

मी भिलाईत झोतभट्टीवर बत्तीस वर्षं काढली, आता नागपूरला असतो. ओशिमाचं नाव ऐकून होतो, पण हाशिनोचे चौथरे उभे आहेत हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

एक भर घालतो. १८५७ नंतर सगळं सुरळीत झालं असं वाचकांना वाटेल. तसं नाही. मेजी सरकारने १८८० मध्ये इथे सरकारी कारखाना काढला. ओशिमाचं म्हणणं होतं, छोट्या छोट्या पाच भट्ट्या घाला. जर्मन तज्ज्ञ म्हणाला, दोनच घाला पण मोठ्या. सरकारने साहजिकच साहेबाचं ऐकलं. मोठ्या भट्टीला लाकडी कोळसा इतका लागला की जंगलं पुरेनात. मग कोक (भाजलेला दगडी कोळसा) घालून बघितला, तर धातुमळी, म्हणजे खनिजातला वितळलेला कचरा, आतच गोठली. ज्याने झोतभट्टी चालवली आहे त्याला कळेल याचा अर्थ काय. आत लोखंड आणि मळी घट्ट झाली की भट्टी ही भट्टी राहत नाही, एक मोठा दगड होतो. आमच्या पाळीत कोणी नुसतं 'चिल्ड हार्थ' म्हटलं तरी जेवण जायचं नाही. सरकारने दोन-अडीच वर्षांत गाशा गुंडाळला.

पुढे तानाका चोबेई या व्यापाऱ्याने जुनं सामान घेतलं आणि छोट्या भट्ट्या लावल्या. म्हणजे ओशिमाचाच सल्ला! ४८ वेळा फसले. १८८६ मध्ये ४९ व्या प्रयत्नाला लोखंड नीट आलं. यावाताचा प्रसिद्ध सरकारी कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला तेव्हा कामाइशीचे अनुभवी कामगार तिकडे पाठवले होते. तुलनेसाठी सांगतो, साकचीला (आजचं जमशेदपूर) टाटांचं पहिलं लोखंड १९११ चं आणि आमच्या भिलाईची पहिली भट्टी १९५९ ची.

---

सेंदाईचा_वाटसरू

काका, दंडवत. तुम्ही लिहिलंत त्याच्याच जोडीची एक गोष्ट. त्या सरकारी कारखान्यासाठी १८८० मध्ये खाणीपासून बंदरापर्यंत रेल्वे टाकली होती. शिंबाशी-योकोहामा आणि ओसाका-कोबे यांच्यानंतरची ही जपानची तिसरी रेल्वे! कारखाना बुडाला तेव्हा इंजिनं आणि रूळ ओसाकाच्या एका खासगी रेल्वेने उचलले. म्हणजे जपानची तिसरी रेल्वे या खेड्यात आली आणि भंगारात निघून गेली. मग पुन्हा डोंगर ओलांडून मोठी लाइन यायला १९५० उजाडलं.

---

रावसाहेब

सगळं ठीक, पण त्या बांधाबद्दल एक अक्षर नाही? समुद्रात ६३ मीटर खोलीवर जगातला सर्वांत खोल लाटरोधक बांध घातला, गिनेस बुकात नाव घातलं, बारा हजार कोटी येनच्या आसपास उधळले, तीस वर्षं लागली. २००९ मध्ये पूर्ण झाला आणि दोनच वर्षांत लाटेने मोडला. सरकारी पैसा कुठेही सारखाच वाहतो हेच खरं.

---

खाडीवरची

रावसाहेब, मी बंदर विभागात काम करते आणि तुमच्यासारखी वाक्यं दर आठवड्याला ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भूगोल. आमच्या कोकणात खाड्या का आहेत? समुद्र वर आला आणि नद्यांची तोंडं बुडाली. सानरिकूचा किनाराही तसाच बुडालेल्या खोऱ्यांचा आहे, फक्त तिथले डोंगर सरळ पाण्यात उतरतात. म्हणून बंदर आयतं खोल मिळतं, आणि म्हणूनच लाट आली की मरण. तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं होत जाणारं आखात लाटेला आत ढकलत उंच करत नेतं. कामाइशीत उत्तरेकडून दक्षिणेकडे ओत्सुची, र्‍योइशी, कामाइशी आणि तोनी अशी चार आखातं आहेत. लाट या प्रत्येकात वेगळी उंची गाठते.

आता बांध. मोडला हे खरं. पण मोडता मोडता काय केलं ते बघा. जपानच्या बंदर संशोधन संस्थेने हिशेब मांडला : बांध नसता तर आखातात लाट १३.७ मीटर झाली असती, झाली ८.१ मीटर. किनाऱ्यावरची भिंत भूकंपानंतर २८ मिनिटांत ओलांडली गेली असती, ती ३४ मिनिटांनी गेली. सहा मिनिटं. तुम्ही सहा मिनिटांत जिन्याने किती मजले चढाल? म्हणून तो त्यांनी पुन्हा बांधला.

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य. भिंतीच्या आड राहणाऱ्याला भिंतीचा भरवसा वाटतो आणि तो घरात थांबतो. असं झालं, आणि त्यात माणसं गेली. हा दोष काँक्रीटचा नाही, पण काँक्रीट घालणाऱ्याने तो धरून चालायला हवा.

---

रावसाहेब

सहा मिनिटांचं माहीत नव्हतं. शब्द अर्धे मागे घेतो. खर्चाबद्दलचे नाही.

---

ढीगभर_प्रश्न

पण जपानी लोक तर सुरुवातीपासून सावध असतील ना? यापूर्वी लाट आलीच असणार.

---

सेंदाईचा_वाटसरू

आलीच होती. १५ जून १८९६. संध्याकाळ, जुन्या पंचांगाप्रमाणे मुलग्यांचा सण. भूकंप झाला पण फार हळू, अंग हलल्यासारखा. अशा मंद धक्क्यामागे मोठी लाट असू शकते हे कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कोणी पळालंच नाही. सानरिकू किनाऱ्यावर २२ हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हाच्या कामाइशी गावातली तर निम्म्याहून जास्त. मग ३ मार्च १९३३ ला पुन्हा लाट. मग १४ जुलै १९४५ ला अमेरिकन युद्धनौका किनाऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि कारखान्यावर तोफा डागल्या. जपानच्या मुख्य भूमीवर समुद्रातून झालेला हा पहिला मारा. ९ ऑगस्टला, म्हणजे नागासाकीवर अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी, दुसरा मारा. दोन्ही मिळून साडेसातशेच्या वर माणसं गेली. छावणीतले परदेशी युद्धकैदीही त्यात होते. जगाचं लक्ष त्या दिवशी दुसरीकडे होतं.

आणि मग २०११. उनोसुमाई भागात शाळेची मुलं पळाली ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. प्राथमिक आणि माध्यमिक शाळा शेजारी शेजारी. भूकंप थांबताच माध्यमिकची मुलं धावत सुटली. त्यांना बघून प्राथमिकवाले वरच्या मजल्यावरून उतरून मागे धावले. ठरलेल्या जागी पोहोचले तर मागचा कडा ढासळताना दिसला. तिथून आणखी वर. तिथूनही आणखी वर. खाली शाळा बुडाली. मधला रस्ता त्यांना फार उपयोगी पडला, तो नवा महामार्ग सहाच दिवसांपूर्वी, ५ मार्चला, सुरू झाला होता. म्हणतात ना, 'कामाइशीचा चमत्कार'.

---

तोक्योची_मावशी

वाटसरू, इथे थोडं अडवते. मी जपानीतून दुभाषाचं काम करते आणि उनोसुमाईला दोनदा गटांबरोबर गेले आहे.

'चमत्कार' हा शब्द कामाइशीने स्वतःच बाजूला ठेवलाय. महापालिका 'कामाइशीतली घटना' असं म्हणते. दोन कारणं. एक म्हणजे तो चमत्कार नव्हता, सराव होता. गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक कातादा तोशिताका कित्येक वर्षं तिथल्या शाळांमध्ये शिकवत होते. तीन गोष्टी : नकाशावरच्या अंदाजावर विसंबू नका, त्या क्षणी जमेल तेवढं सगळं करा, आणि पळणाऱ्यांत पहिले व्हा. पहिली गोष्ट अक्षरशः खरी ठरली. त्या दोन्ही शाळा धोक्याच्या नकाशात सुरक्षित रंगात होत्या! आणि खाडीवरची यांचा बांध तिथे नव्हताच. उनोसुमाई ओत्सुची आखातावर आहे.

दुसरं कारण जड आहे. त्याच उनोसुमाईत, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, आपत्ती निवारण केंद्राची दोन मजली इमारत होती. त्सुनामीसाठीची ती अधिकृत आश्रयाची जागा नव्हती. पण वर चढायचा कंटाळा येतो, म्हातारी माणसं येत नाहीत, म्हणून सराव तिथेच घेत. लोक सरावाला जिथे जात तिथेच त्या दिवशीही गेले. १६० हून जास्त माणसं त्या इमारतीत मरण पावली असा अंदाज आहे. ज्यांची आई तिथे गेली त्यांच्यासमोर चमत्कार हा शब्द कसा उच्चारायचा?

आज तिथे स्मारक-उद्यान आहे. एका भिंतीवर गेलेल्यांची नावं आहेत. मी गेले तेव्हा एक आजोबा रुमालाने एकच नाव पुसत होते. शेजारच्या नावांवर धूळ होती, ती त्यांनी तशीच ठेवली.

---

सेंदाईचा_वाटसरू

मावशी, चूक कबूल. मी तो शब्द पर्यटनाच्या पत्रकातून उचलला होता. वरच्या प्रतिसादात बदल करता येत नाही, म्हणून इथेच नोंदवतो.

---

ढीगभर_प्रश्न

'त्सुनामी तेंदेन्को' असं काहीतरी वाचलं होतं. याचा अर्थ आईबापांनाही सोडून पळायचं? पटत नाही बुवा.

---

तोक्योची_मावशी

तेंदेन्को म्हणजे 'ज्याने त्याने, आपापलं'. ऐकायला दुष्ट वाटतं. पण पूर्वीच्या लाटांत घरंच्या घरं एकमेकांना शोधायला परत फिरली आणि सगळीच बुडाली. म्हणून हा नियम आधी घरात बसून ठरवायचा. आईला खात्री हवी की मूल शाळेतून वर गेलंच असेल, आणि मुलाला खात्री हवी की आई त्याच्यासाठी खाली येणार नाही. हे एकमेकांवरच्या भरवशाशिवाय जमत नाही.

---

स्क्रम_हाफ

कोणी रग्बीबद्दल विचारेल म्हणून वाट बघत होतो, कोणीच नाही! पुण्यात रग्बी खेळलेला माणूस आहे मी, थोडं सहन करा.

कारखान्याचा संघ, शिन्नित्तेत्सु कामाइशी. १९७९ ते १९८५ सलग सात वर्षं जपानचे विजेते. 'उत्तरेचे पोलादी पुरुष' म्हणत त्यांना. मात्सुओ युजी हा त्यांचा तारा. तोक्योच्या मैदानात कामाइशीचे पाठीराखे 'ताइर्‍योबाता' फडकवायचे, म्हणजे मासळी भरपूर मिळाली की नावेवर लावतात ते रंगीबेरंगी मोठे झेंडे. लोखंडाचा संघ, मासेमारीचा झेंडा! भट्टीबरोबर संघही ओसरला, आणि २००१ पासून सीवेव्हज नावाने गावाचा संघ झाला. २०११ मध्ये त्या संघात स्कॉट फार्डी हा ऑस्ट्रेलियन होता. परत जायची सोय असूनही तो थांबला आणि मदतीचं सामान वाहत राहिला. पुढे हाच माणूस २०१५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून खेळला.

२०१९ च्या विश्वचषकाचं मैदान बांधलं ते उनोसुमाईत. वर म्हटलेल्या दोन शाळांच्या जागेवरच. २५ सप्टेंबरला तिथे उरुग्वेने फिजीला ३०–२७ ने हरवलं, त्या विश्वचषकातला पहिला मोठा धक्का! दुसरा सामना, नामिबिया-कॅनडा, हागिबिस वादळाने रद्द झाला. तर कॅनडाचे खेळाडू फावडी घेऊन गावातला चिखल काढायला रस्त्यावर उतरले.

---

सेंदाईचा_वाटसरू

व्वा! त्या मैदानातल्या लाकडी खुर्च्यांवर मी बसलोय. २०१७ मध्ये ओझाकीच्या डोंगरावर वणवा लागला होता, त्यात होरपळलेले 'सुगी', म्हणजे जपानी सीडार, वृक्ष वाया जाऊ नयेत म्हणून कापून त्यांच्या केल्या. बसायला कडक आहेत, उशी न्या.

---

भिलाईकर

एक विचारायचं राहिलं. भट्टी १९८९ ला बंद, मग स्टेशनसमोर कारखाना कसला चालतो?

---

सेंदाईचा_वाटसरू

काका, तार. दुसरीकडून आलेलं पोलाद लाटून तार करतात. टायरच्या आत जी बारीक पोलादी तार असते ती हिच्यापासूनच होते. शेजारी वीज केंद्रही आहे. तुमच्या माझ्या गाडीच्या चाकात कामाइशी असायची शक्यता बरीच. बंदरात २०१७ पासून मोठी कंटेनर क्रेन आहे. ती ओसाकाकडून जुनी आणली. पूर्वी ओसाकाने यांची रेल्वे नेली होती, आता क्रेन देऊन फिटंफाट. आणि हो, गावातल्या लोखंडाच्या संग्रहालयात हाशिनोच्या तिसऱ्या भट्टीची मूळ आकाराची प्रतिकृती आहे. तुमच्यासाठी सगळ्या बाजूंनी फोटो काढून आणतो.

---

भिलाईकर

मळी बाहेर पडायची वाट कुठे ठेवली आहे, तो फोटो आधी काढ.

---

चिवडाप्रेमी

पुढच्या वेळी कधी जाणारेस? पर्सिमॉनच्या मोसमात जा आणि मला पाठव.

---

सेंदाईचा_वाटसरू

फेब्रुवारीत. सेन्जुइन नावाचं देऊळ आहे टेकडीवर, २०११ मध्ये कित्येक लोक तिथे चढून वाचले. २०१४ पासून सेत्सुबुन सणाच्या सुमारास तिथे शर्यत असते. खालच्या गावातून देवळापर्यंत, २८६ मीटर, चढ २६ मीटर. पंच काठी खाली आणतात आणि सगळे ओरडतात, "पळा!" लेकराला कडेवर घेऊन धावणाऱ्यांचाही वेगळा गट असतो. नाव घालायचा विचार आहे.

---

चिवडाप्रेमी

तुझा गेल्या दिवाळीतला फोटो पाहिलाय. २६ मीटर चढ? आत्तापासून जिने चढायला लाग.